उन्हात दिसणारं पुस्तक

माझी बायको शेवंता बसून वाचत न्हवती. भाकरी थापायला बसायची, तूर निवडायला बसायची, पण हातात छापील कागद आला की उठून उभी राहायची. उभ्यानं वाचायची, न्हाईतर चालत वाचायची. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी कितीदा म्हणलो, "आगं, टेक की एका जागी. सारख्या येरझाऱ्या घालून राह्यली, मला गरगरतंय." तर म्हणायची, "मी बसले की गोष्ट बी बसती. मंग पुढं सरकत न्हाई."

ती पोळ्याच्या आधी गेली. त्याला आठ महिने झाले. तवापासून माझं घरात बूड टेकत न्हाई. सकाळी जीपमधी बसतो, भोकरदनला जातो, स्टँडवर चहा पितो, दुसरी जीप धरतो आणि परत धावड्याला येतो. काम काहीच न्हाई. आमची लेक मंगल जालन्याला एका शाळेत क्लार्क आहे. ती म्हणली, "बाबा, एवढं फिरता त्यापेक्षा आईबद्दल लिहून काढा." मी चौथी शिकलेला माणूस. पण लिहितो. तारीफ करायला न्हाई. शेवंता हट्टी होती, तोंडाळ होती, आणि तिच्या वाचण्याच्या नादात आमच्या घरी दूध किती वेळा उतू गेलं त्याला गणती न्हाई.

ती जाफराबादकडची. सातवी झालेली. लग्नात रुखवत मांडलं तेव्हा तिनं चिवड्याच्या ताटाशेजारी स्वतःची पाच पुस्तकं मांडली. आमच्या मामीनं पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं आणि इचारलं, "हे खायाचं का नेसायचं?" नवरी मान खाली घालून बसायच्या ऐवजी म्हणली, "वाचायचं. येत नसंल तर मी वाचून दाखवीन." त्याच दिवशी मला समजलं की हे प्रकरण सोपं न्हाई.

खताच्या गोणीवरचं वाचायची. औषधाच्या डबीतली घडी उघडून वाचायची. लग्नपत्रिका आली की शेवटच्या ओळीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावापर्यंत जायची. दुसऱ्याच्या घरी गेली की भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागची बाजू वाचून परत टांगायची. आणि कोणी काही सांगायला लागलं की तिचा एकच सवाल, "मंग पुढं?" शेजारी भांडणाचं गाऱ्हाणं घेऊन आला, त्यानं सगळं सांगितलं, घाम पुसला, की ही म्हणणार, "मंग पुढं?" तो बिचारा गडबडायचा. पुढं काहीच झालेलं नसायचं.

एकदा आम्ही जालन्याहून गावाकडं येत होतो. चतुर्थी होती, राजूरला गणपतीची गर्दी. एसटी थांबली. ही म्हणली, भजे आणते. माझा खिडकीला डोळा लागला. जाग आली तवा एसटी राजूर सोडून पुढं आल्ती आणि शेजारची जागा रिकामी. मी कंडक्टरवर ओरडलो, उतरलो, उन्हात पायपीट करत माघारी आलो. बाईसाहेब भज्याच्या गाड्यापाशी उभ्या. हातात भज्याचा कागद, भजे थंडगार. आणि गाडीवाला रद्दीच्या गठ्ठ्यात डोकं घालून काहीतरी हुडकून राह्यला.

"काय चालू आहे इथं?" मी म्हणलो.

"अर्धाच कागद आलाय. पोरगी विहिरीवर गेली आन तिथंच फाटला. दुसरा अर्धा यांच्याकडंच असंल."

"शेवंते, एसटी गेली!"

"गेली तर गेली. एसटी दुसरी येती. हा कागद दुसरा येतो का?"

गाडीवाल्यानं गठ्ठ्यातून तोंड वर काढलं. "काका, तुमी तरी सांगा यांना. कढईतलं तेल जळून राह्यलंय."

कागद सापडला न्हाई. त्या विहिरीवरच्या पोरीचं काय झालं असंल, यावर आठ दिवस आमच्या घरात दुसरा विषय न्हवता.

खोटं बोलायची न्हाई, पण खरं कसं बोलावं ते तिला ठाऊक होतं. गावातल्या हेडगुरुजींनी कवितेचं पुस्तक छापलं आणि एक तिला दिलं, कारण गावात दुसरं वाचणारं कोण होतं? आठ दिवसांनी गुरुजी चहाला आले. "काय वैनी, कसं वाटलं?"

"गुरुजी, कागद लई चांगला लावलाय."

गुरुजी खूश होऊन गेले. मला ते तीन दिवसांनी समजलं. गुरुजींना कधी समजलं ते माहीत न्हाई, पण त्यांचं दुसरं पुस्तक आमच्या घरी आलं न्हाई.

आता वावरातलं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आमच्याकडं पाच-सहा घरं सावडीनं कापूस वेचतात. आज सगळ्या बाया माझ्या वावरात, उद्या तुझ्या. प्रत्येकीनं एक पात धरायची, म्हणजे कापसाची एक ओळ, आणि वेचत पुढं जायचं. शेवंताला पात न्हवती. तिची पात बाकीच्या बाया वाटून उरकायच्या आणि ती त्यांच्या मधल्या सरीतून पुस्तक धरून मोठ्यानं वाचत चालायची. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातानं जाता जाता एखादं बोंड. बाया थांबल्या की ती थांबायची, बाया वळल्या की ती वळायची. हे कोणी ठरवलं ते मला ठाऊक न्हाई. आमचं लग्न झाल्यावर दोन-तीन वर्षांत सुरू झालं आणि मंग तसंच चालत राह्यलं.

सुरुवातीला मला लाज वाटायची. मी गयाबाईला म्हणलो. गयाबाई आमची शेजारीण, शाळेची पायरी न चढलेली, जिभेनं विळ्यासारखी. म्हणलो, "घरधनीण असून पात धरत न्हाई, लोक काय म्हणतील?"

"भाऊजी, कापूस कमी निघतो का?"

"न्हाई."

"मंग गप ऱ्हावा. ती वाचती तवा आमची तोंडं बंद ऱ्हातेत आन हात चालतेत."

ते बराबर होतं. शेवंता माहेरी गेली असली की कापूस कमी निघायचा, भांडणं जास्त निघायची. गयाबाई गोष्ट नुसती ऐकायची न्हाई, झडती घ्यायची. "एवढी पाच पानं बडबडली ती बाई, पाणी कवा भरलं तिनं? लेखकाच्या घरी नळ असंल." मंग सगळ्या हसायच्या आणि शेवंता म्हणायची, "ऐकायचं का न्हाई?"

तीन वर्षांमागं ती वाचताना अडखळायला लागली. छपाई खराब आहे म्हणायची. पहिल्यांदा ओळखलं ते गयाबाईनं. एक दिवस तिनं हातातला कापूस तसाच धरला आणि म्हणली, "थांब. त्याचा बाप आत्ता जेवत होता. एकदम मेला कसा? तू ओळी गाळून राह्यली."

मी तिला जालन्याला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तक्ता दाखवला. हिनं वरपासून खालपर्यंत घडाघडा सगळी अक्षरं म्हणली. डॉक्टर म्हणले, नजर तर चांगली आहे, चष्मा बदलून बघा. आम्ही चष्मा बदलला. दोन महिने गेले. अडखळणं वाढतच गेलं. शेवटी एक दिवस ती स्वतःच म्हणली, "मला तो तक्ता दिसलाच न्हवता."

"मंग वाचला कसा?"

"बाहेर बाकावर बसले होते. आतला पेशंट मोठ्यानं म्हणून राह्यला होता. चौघांचं ऐकलं. पाठ झालं."

मी कपाळाला हात लावला. "आगं, परीक्षा होती का ती?"

"मंग काय होती?" म्हणली. आणि मंग हळूच, "नापास झाले तर पुस्तक बंद करतेत, असं वाटलं."

दुसऱ्या खेपेला मी आधीच डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तक्ता बदलला आणि खरं बाहेर आलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजून राह्यला होता. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, म्हणले. औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार न्हाई.

"मंग पुढं?" ती म्हणली.

"पुढं अक्षर मोठं असेल तर वाचता येईल. वर्षभर म्हणा, जास्त म्हणा. नक्की सांगता येत नाही."

त्या वर्षी वेचणी सुरू झाली आणि शेवंतानं पात धरली. उभ्या जन्मात पहिल्यांदा. पुस्तकं तिनं घरी पेटीत टाकून दिल्ती. दिवसभर वावरात नुसता बोंडातून कापूस ओढल्याचा आवाज. मी बांधावर उभा होतो, मला ते सहन होईना. घरी आल्यावर ती डबे उघडायची, बंद करायची, भिंतीपाशी जायची, परत यायची. चालायची सवय राह्यली होती, हातात कागद न्हवता. मला वाटलं, एक वर्ष आहे म्हणतात, ते बी असंच भिंतीला धडका देत जाणार.

मंगलला फोन केला. ती म्हणली, "बाबा, ई-रीडर म्हणून एक यंत्र असतं. नुसतं पुस्तक वाचायचं. अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं. आईला तेच देऊ. पण मला चौकशी करू द्या, आठ दिवस थांबा."

मी आठ दिवस थांबलो न्हाई. दुसऱ्याच दिवशी पहिल्या जीपनं निघालो, मंगलला न सांगता जालन्याला एका दुकानात शिरलो आणि म्हणलो, पुस्तक वाचायचं यंत्र द्या, अक्षर मोठं होणारं. दुकानदारानं ताटाएवढी काचेची पाटी काढली. रंगीत, चकचकीत. "काका, हेच ते. यात पुस्तक, पिक्चर, बातम्या, सगळं." त्यानं दोन बोटं फाकवली, अक्षर वांग्याएवढं झालं. मला जे पाहिजे ते दिसलं. जल्दी गुंडाळून द्या म्हणलो.

शेवंतानं ते घरात बघितलं. दुसऱ्या दिवशी वावरात घेऊन गेली. सरीत उभं राहून पाटी समोर धरली.

"काय दिसतं?" मी बांधावरून इचारलं.

"माझं तोंड."

गयाबाई तिच्या खांद्यावरून वाकली. "माझं बी दिसून राह्यलंय. कुंकू लावायला बरंय."

उन्हात ती काच काळी ठिक्कर. शेवंतानं पदराची सावली धरली, तवा अक्षर जरा दिसलं. मंग तिनं पान उलटायला बोट फिरवलं. पान हलेना. परत फिरवलं. मी जाऊन फिरवलं, माझ्यानंही हलेना. जन्मभर बोंडाची टोकं टोचून टोचून आमची बोटं बोटं राह्यली न्हाईत, खूर झालेत. काचेला ती माणसाची वाटंनात. बाया हसत होत्या. शेवंता हसली न्हाई. तिनं पाटी माझ्या हातात दिली.

"बैल घेताना तुमी दात बघता, चालवून बघता, दहा जणांना इचारता. माझ्या डोळ्याची वस्तू आणली आन मला इचारलं न्हाई. माझे हात बी बघितले न्हाई."

एवढंच बोलली आणि पात धरली. मला तिथंच जमीन उकरून आत बसावं वाटलं. पाटी दुकानदारानं परत घेतली न्हाई. ती मंगलच्या घरी आहे, जावई तिच्यावर क्रिकेट बघतो.

संध्याकाळी मी तिच्यापुढं बसलो आणि म्हणलो, "सांग. कसं पाहिजे?"

तिला इचार करावा लागला न्हाई. "उन्हात दिसलं पाहिजे. चालता चालता एका हातात धरता आलं पाहिजे. आन पान उलटायला काहीतरी दाबायचं पाहिजे, माझ्या बोटाला लागंल असं."

मंगलच्या शाळेत कांबळे मॅडम म्हणून आहेत. त्यांच्याकडं असलं यंत्र होतं. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मॅडम चहा ठेवत होत्या, हिनं यंत्र हातात घेतलं आणि म्हणली, "गच्चीवर चला."

"मावशी, बारा वाजलेत, ऊन आहे वर. चहा तरी घ्या."

"उन्हासाठीच आलेय, बाई."

गच्चीवर तिनं ते उन्हाकडं धरलं, तिरपं धरलं, हातभर लांब धरलं. मंग मान एका बाजूला करून कडेच्या नजरेनं बघितलं. त्या दिवसात ती असंच बघायची, कोंबडीसारखं. काच काळी पडली न्हाई. साध्या कागदासारखा कागद, त्यावर काळी अक्षरं. मॅडमनं अक्षर मोठं करून दिलं. शेवंतानं खाकरून गळा साफ केला आणि मॅडमचं अर्धं वाचून झालेलं पुस्तक मधूनच मोठ्यानं वाचायला लागली. गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. मॅडम तिच्यामागं चालायच्या, पान संपलं की हात पुढं घालून बोटानं उलटून द्यायच्या. दोघी घामानं भिजल्या. शेजारच्या गच्चीवर पापड घालणारी बाई हातातला पापड तसाच धरून बघत राह्यली. पाच-सहा पानं झाली असतील. मंग शेवंता थांबली.

"अक्षर बराबर आहे. पण याला बटन न्हाई. तुमी काय रोज माझ्यामागं चालणार?"

"बटनवालं पण मिळतं, मावशी. थोडं मोठं असतं."

"मंग तेच."

मंगलनं ते मागवलं. पार्सल भोकरदनपर्यंत येणार होतं. मी तीन दिवस लागोपाठ कुरियरच्या ऑफिसात जाऊन बसलो. तिथला माणूस वैतागला. "काका, आलं की फोन करतो म्हणलं न?"

"तुमी तुमचं काम करा. मी बसतो."

"बसा, पण बसा तरी. सारखे दारात जाऊन येऊन राह्यले."

मी कसा बसणार? मला वाटायचं, इथं हा चहा पिऊन राह्यला आणि तिकडं तिच्या डोळ्यातलं एक एक अक्षर विझून राह्यलं. तिसऱ्या दिवशी पार्सल आलं.

मंगलनं रविवारी येऊन त्यात पुस्तकं भरून दिली. कडेला दोन बटनं, वरचं मागं जायचं, खालचं पुढं. शेवंतानं अंगठ्यानं खालचं दाबलं. टक. पान उलटलं. परत दाबलं. टक. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती म्हणली, "अंगठा वळखला यानं." बस, एवढंच. माझं नाव घेतलं न्हाई. दुसऱ्या दिवशी वावरात गेल्यावर गयाबाईनं कोणाला न इचारता शेवंताची पात वाटून टाकली.

पहिल्यांदा पानावर वीस-पंचवीस शब्द मावायचे. चार पावलं गेली की टक. गयाबाई म्हणली, "ही गोष्ट सांगती का भुईमूग फोडती?" पण कान देऊन ऐकायची. संक्रांतीपर्यंत अक्षर वाढवावं लागलं, पानावर दहा शब्द राह्यले. होळीनंतर परत वाढवलं. मी रोज बघायचो, अक्षर केवढं झालं. इचारायची हिंमत न्हवती. एका दुपारी मीच म्हणलो, "शेवंते, मंगल म्हणती, मोबाईलमधी पुस्तक ऐकायचं बी असतं. दुसरं कोणी वाचतं, आपण ऐकायचं."

"ते तुमी ऐका. माझ्या तोंडचा घास दुसऱ्यानं कशाला चावायचा?"

उन्हाळा गेला, दुसरा हंगाम गेला, परत उन्हाळा आला. डॉक्टर वर्षभर म्हणले होते, तिनं पावणेदोन ओढली. शेवटी शेवटी पानावर चार शब्द राह्यले. त्याच्यापुढं अक्षर वाढत न्हवतं. यंत्राचं संपलं होतं आणि तिच्या डोळ्याचंही. पण त्या चार शब्दांवर ती कशी चालायची ते बघायला पाहिजे होतं. वाक्य तिच्या तोंडात तुकड्या तुकड्यानं यायचं आणि ती ते जोडून असं म्हणायची की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये.

मंग श्रावणात एका सकाळी अंगण झाडता झाडता पडली. जीप येईपर्यंत गेल्ती. डोळ्याचा काही संबंध न्हवता, छातीचं होतं म्हणले.

यंत्र माझ्याजवळ आहे. मंगल म्हणती, तुम्ही वाचा. मी त्याचं बटन दाबत न्हाई. दाबलं की तिचं पान जाईल. त्यावर चार शब्द आहेत. ते मी वाचले, त्यावरून काहीच कळत न्हाई.

ती जायच्या दोन दिवस आधीचं मला सारखं दिसतं. आम्ही दोघं वावराकडं निघालो होतो, मूग बघायला. बांधावरची वाट एकट्या माणसापुरती. ती पुढं, मी मागं. पदर कमरेला खोचलेला, मान एका अंगाला, यंत्र डोळ्याच्या कडेला धरलेलं. त्या दिवशी ऐकायला बाया न्हवत्या, तरी मोठ्यानं वाचून राह्यली होती. चार शब्द, टक. चार शब्द, टक. पाय बरोबर वाटेवर पडायचे, खाली न बघता.

वाटेच्या मधोमध ती एकदम थांबली. मी तिच्या पाठीवर आदळता आदळता राह्यलो.

"काय झालं?"

"थांबा हो. इतक्या वर्षांनी माहेरी आली आन तिला दारात उभी केलीय. आत घेतेत का न्हाई ते बघू द्या."

"आभाळ भरून आलंय, चल की. चार शब्दांत काय कळणार तुला?"

"न्हाई कळत. म्हणून तर दाबून राह्यले."

टक. वाचलं. टक. परत वाचलं. मंग पाय उचलला आणि झपाझप निघाली, जसं काही त्या दारापर्यंत तिलाच पोचायचं होतं. माझ्या पायात चप्पल सैल, बांध निसरडा. मी मागून म्हणलो, "मोठ्यानं वाच, मला ऐकू येईना." ती वळली न्हाई. हात तेवढा मागं करून हलवला, या म्हणून, आणि चालत राह्यली.